भेसळीचा माल विकणाऱ्या दुकानदारावर खटला: मुंबईतल्या ग्राहकाने काय करायचं

भेसळीचा माल विकणाऱ्या दुकानदारावर फौजदारी खटला तुम्ही-आम्ही भरत नाही. तो अन्न व औषध प्रशासन भरतं, म्हणजे आपल्या बोलण्यातलं एफडीए, आणि तेही अन्न सुरक्षा आयुक्तांची मंजुरी मिळाल्यावर. हे कळलं की बरेच जण हात झटकून मोकळे होतात. तसं करू नका. हा खटला उभा राहतो तो दुकानात माल असतानाच रीतसर काढलेल्या, सील केलेल्या नमुन्यावर. अधिकारी योग्य वेळी दुकानात पोचणं, नमुना काढताना धड साक्षीदार हजर असणं आणि पुढे फाइल मुदतीच्या आत कोर्टात जाणं, या तिन्ही ठिकाणी ग्राहकाचा हात लागावा लागतो. नाहीतर खरी तक्रारसुद्धा वाया जाते.

कायदा कशाला किती शिक्षा देतो

२०११ पर्यंत आपल्याकडे १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा होता. ५ ऑगस्ट २०११ पासून त्याच्या जागी अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ आला आणि मोठा फरक पडला. आता प्रत्येक दोषाला तुरुंग नाही. प्रयोगशाळा नमुन्याला कोणता शेरा देते, त्यावर पुढचा सगळा रस्ता ठरतो. तक्रार करण्याआधी हे समजून घेतलं तर नंतर निराशा होत नाही.

पहिला शेरा 'कमी दर्जा'. टोन्ड दुधात किमान ३ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) लागतं. कुणी पाणी घातलं, आकडे खाली आले, पण आरोग्याला घातक असं काही सापडलं नाही, तर दूध कमी दर्जाचं ठरतं. पनीरमध्ये ओलावा ६० टक्क्यांपेक्षा जास्त निघाला तरी तेच. याला कलम ५१ खाली ५ लाखांपर्यंत दंड आहे, कैद नाही. असं प्रकरण फौजदारी कोर्टात जात नाही, न्यायनिर्णय अधिकाऱ्यापुढे चालतं आणि महाराष्ट्रात हे काम एफडीएचेच सह आयुक्त पाहतात. लेबल खोटं किंवा अपुरं असेल तर 'मिथ्याछाप', ३ लाखांपर्यंत दंड. मालात खडे, केस, किडे निघाले किंवा जागा गलिच्छ असली तर १ लाखापर्यंत.

दुसरा शेरा 'असुरक्षित', आणि खरा खटला इथे होतो. बेसनात मेटॅनिल यलो हा खाण्यात बंदी असलेला पिवळा रंग, हळदीत लेड क्रोमेट हा शिशाचा विषारी रंग, मिरचीपुडीत कापडाला लावायचा रंग, दुधात डिटर्जंट, असं काही निघालं की कलम ५९ लागतं. कुणाला काही झालं नसलं तरी ३ महिन्यांपर्यंत कैद आणि ३ लाखांपर्यंत दंड. इजा झाली तर १ वर्ष, गंभीर इजा झाली तर ६ वर्षं. माणूस दगावला तर किमान ७ वर्षं ते जन्मठेप आणि किमान १० लाख रुपये दंड. यातली पहिली शिक्षा आधी ६ महिन्यांची होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने दंड वाढवला आणि कैद निम्म्यावर आणली. मला ही सूट मुळीच पटत नाही. लेड क्रोमेटची हळद रोज खाणाऱ्या मुलाला काय झालं हे कळायला वर्षं जातात, त्यामुळे 'कुणाला इजा नाही' हा खाना प्रत्यक्षात फार मोठा आहे.

कलम ५७ फारसं कुणाला माहीत नसतं. भेसळीचं द्रव्य नुसतं दुकानात किंवा गोदामात बाळगलं तरी दंड होतो: घातक नसलेल्या द्रव्याला २ लाखांपर्यंत, घातक असेल तर १० लाखांपर्यंत. म्हणून मागच्या खोलीत रंगाचे डबे, स्टार्चची पोती, रिकाम्या छापील पिशव्या दिसल्या असतील तर तक्रारीत त्या आवर्जून लिहा.

दुकानदार कधी अडकतो

नामांकित कंपनीचं सीलबंद पाकीट, दुकानदाराकडे खरेदीचं बिल, माल नीट ठेवलेला, आणि आतला पदार्थ खराब निघाला, तर मुख्य आरोपी उत्पादक असतो. दुकानदार बिल दाखवून बऱ्याच अंशी सुटतो. कायद्याच्या २७ व्या कलमाने विक्रेत्याची जबाबदारी स्पष्ट सांगितली आहे: मुदत संपलेला माल विकला, अस्वच्छ ठेवला, मिथ्याछाप माल विकला, कुणाकडून आणला ते सांगता आलं नाही, किंवा असुरक्षित आहे हे माहीत असून घेतला. यातलं 'कुणाकडून आणला ते सांगता आलं नाही' हे सुट्या मालाच्या दुकानदाराचं दुखणं आहे. गोणीतलं बेसन, ट्रेमधला मावा, प्लास्टिकच्या पिशवीतलं पनीर यांची बिलं बहुधा नसतात. बिल नाही म्हणजे मागे बोट दाखवायला जागा नाही, आणि तो स्वतः उभा राहतो.

सुटं खाद्यतेल आणि दळलेले मसाले तर पॅकबंद नसताना विकायलाच बंदी आहे. कोपऱ्यावरचा दुकानदार डब्यातून तेल मोजून देत असेल किंवा बरणीतली मिरचीपूड कागदात बांधून देत असेल, तर भेसळ सिद्ध होण्याआधीच नियम मोडलेला आहे. अधिकाऱ्याला दुकानात पाठवायला एवढं कारण पुरतं.

खरेदी करताना

बिल घ्या. हे सगळेच सांगतात, पण बिलावर काय पाहायचं ते कुणी सांगत नाही. १ जानेवारी २०२२ पासून खाद्यपदार्थाच्या बिलावर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी क्रमांक छापणं बंधनकारक आहे. क्रमांक १ ने सुरू होत असेल तर परवाना, २ ने सुरू होत असेल तर छोट्या व्यावसायिकाची नोंदणी. हा क्रमांक फॉसकॉस या सरकारी संकेतस्थळावर टाकून पाहता येतो. नाव दुसऱ्याचं निघालं, पत्ता वेगळा निघाला किंवा परवान्याची मुदत उलटलेली निघाली तर तक्रारीतला पहिला मुद्दा घरबसल्या मिळाला. मिठाईवाला असेल तर ट्रेसमोर 'या तारखेपर्यंत खाण्यास योग्य' अशी पाटी हवी. १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईलाही ती सक्तीची आहे.

पाकिटाचा फोटो काढताना समोरच्या चित्राचा काढू नका. मागची बाजू घ्या: बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख, उत्पादकाचं नाव-पत्ता. त्याच बॅचचं आणखी एक न फोडलेलं पाकीट विकत घेऊन ठेवता आलं तर उत्तम. ग्राहक आयोगात ते कामी येतं.

घरची चाचणी कशासाठी

एफएसएसएआयने 'डार्ट' नावाची पुस्तिका काढली आहे, त्यात घरी करता येणाऱ्या चाचण्या आहेत. पनीर किंवा मावा पाण्यात उकळून, गार करून आयोडिनचे थेंब टाकले आणि निळा रंग आला तर स्टार्च आहे. लाल तिखट पाण्यात टाकून खाली बसलेला गाळ बोटाने चोळून पाहा. विटेची भुकटी खरखरीत लागते. बेसनातला मेटॅनिल यलो हायड्रोक्लोरिक आम्लाच्या थेंबांनी गुलाबी-जांभळा होतो, पण ही चाचणी घरात लहान मुलं असताना करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

या चाचण्यांचा उपयोग एवढाच, की तक्रार करावी की नाही हे तुम्हाला ठरवता येतं. कोर्टात त्यांना किंमत नाही. तुम्ही घरी फोडलेलं पाकीट घेऊन एफडीएच्या कार्यालयात गेलात तरी त्यावर खटला होत नाही, कारण दुकान ते घर या वाटेत त्यात कुणी काय घातलं याची खात्री कुणी देऊ शकत नाही. नमुना दुकानातूनच, नव्याने काढावा लागतो. बरेच जण इथे चिडतात. पण उद्या तुमच्याच दुकानावर कुणी खोटी तक्रार केली तर हाच नियम तुम्हाला वाचवेल.

तक्रार कुठे आणि कशी

मुंबईत सगळ्यात आधी गोंधळ होतो तो वॉर्ड ऑफिस आणि एफडीए यांच्यात. महापालिकेचं आरोग्य खातं हॉटेल, खाद्यगृहांना परवाना देतं, स्वच्छतेची तपासणी करतं, रस्त्यावरचा उघडा माल उचलतं. पण अन्नसुरक्षा कायद्याखाली नमुना काढून खटला भरायचं काम राज्याच्या एफडीएचं आहे. मुख्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५. केंद्राच्या एफएसएसएआयचं 'फूड सेफ्टी कनेक्ट' हे तक्रारीचं पोर्टल आहे, तिथली तक्रारही फिरून राज्याच्याच अधिकाऱ्याकडे येते. माझा सल्ला असा: फोन करा, पण त्याच दिवशी लेखी अर्जही द्या आणि पोच घ्या. अर्ज तुमच्या विभागाच्या सहायक आयुक्तांच्या नावे लिहा. कायद्याच्या भाषेत ते पदनिर्देशित अधिकारी असतात आणि पुढे खटल्याची शिफारस त्यांनाच करायची असते.

अर्जात राग नको, तपशील हवा. 'अमुक दुकानात भेसळ चालते, कडक कारवाई करावी' या अर्जावर अधिकारी दुपारी तीन वाजता जातो, तेव्हा दुकानात सगळं चकाचक असतं. त्याऐवजी हे लिहा: माल कधी येतो, कोणत्या वाहनाने येतो, कुठे उतरवला जातो, मागची खोली कुठून उघडते, संशयाचा पदार्थ कोणत्या बरणीत किंवा फ्रीजमध्ये असतो, कोणत्या वेळी विकला जातो. दुधाच्या बाबतीत तर वेळ हेच सगळं आहे. नामांकित डेअरीच्या पिशव्या कापून, थोडं दूध काढून, पाणी भरून, मेणबत्तीच्या आचेवर पुन्हा चिकटवायचा उद्योग पहाटे अंधारात चालतो आणि साडेसहाला पिशव्या दारात पोचलेल्या असतात. पिशवीची कड जाड, वाकडी किंवा करपलेली दिसली तर फोटो काढा, आणि अर्जात पहाटेची वेळ लिहा.

सणासुदीचं गणित वेगळं आहे. गणपती आणि दिवाळीच्या आधी गुजरातकडून खाजगी बसच्या डिकीतून मावा मुंबईत उतरतो, आणि 'स्पेशल बर्फी' नावाचा दूध पावडर-वनस्पतीचा गोळा माव्याच्या जागी मिठाईत जातो. प्रयोगशाळेचा अहवाल यायला १४ दिवस असतात. चतुर्थीच्या आदल्या दिवशी केलेल्या तक्रारीचा अहवाल येईल तेव्हा मोदक कधीच पोटात गेलेले असतात. म्हणून तक्रार दोन-तीन आठवडे आधी करा आणि नमुन्याबरोबर साठा जप्त करण्याची विनंती करा. कलम ३८ प्रमाणे अधिकाऱ्याला संशयाचा माल जप्त करता येतो.

नाव गुप्त ठेवायची विनंती अर्जातच करा. आणि तक्रारीआधी दुकानदाराशी भांडू नका, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकू नका. दुपारपर्यंत ती बातमी दुकानात पोचते आणि माल नाहीसा होतो. शिवाय अहवाल येण्याआधी कुणाला जाहीरपणे भेसळखोर म्हणणं म्हणजे बदनामीची नोटीस ओढवून घेणं.

स्वतः नमुना तपासून घ्यायचा असेल तर

कलम ४० ग्राहकाला हा हक्क देतं. शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून पदार्थ तपासून घेता येतो, पण विकत घेतानाच दुकानदाराला तसं सांगावं लागतं. अहवालात दोष निघाला तर शुल्क परत मिळतं आणि विश्लेषक तो अहवाल खटल्याच्या कार्यवाहीसाठी थेट पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे पाठवतो. वाचायला सुंदर आहे. अडचण अशी की 'हे मी तपासायला घेतोय' म्हटल्यावर दुकानदार तुम्हाला चांगल्या गोणीतला माल देतो. त्यामुळे सगळ्या गोण्या एकाच मालाच्या आहेत अशी खात्री असेल, उदाहरणार्थ सोसायटीने एकगठ्ठा धान्य-मसाले मागवले असतील, तरच हा मार्ग घ्या. दुकानदाराला सांगितल्याची नोंद बिलावरच त्याच्या सहीने करून घ्या. एरवी अधिकाऱ्याने अचानक जाऊन काढलेला नमुना केव्हाही चांगला.

नमुना काढताना काय घडतं

हा भाग नीट वाचा, कारण आरोपीचा वकील पुढे सगळा जोर इथेच लावतो.

अन्न सुरक्षा अधिकारी आधी ओळख दाखवतो, मग तपासणीसाठी नमुना घेत असल्याची लेखी नोटीस देतो. मालाची किंमत मोजून पावती घेतो, म्हणजे हीसुद्धा विक्रीच ठरते. माल सारखा ढवळून किंवा मिसळून त्याचे चार भाग करतो आणि स्वच्छ, कोरड्या बाटल्यांत भरतो. दुधात टिकण्यासाठी फॉर्मॅलिनचे थेंब टाकतो. प्रत्येक बाटलीला लेबल लागतं. मग ती जाड कागदात गुंडाळून कडा डिंकाने चिकटवतात. त्यावर वरपासून खालपर्यंत वेढा घालणारी कागदी पट्टी लावतात, जिच्यावर पदनिर्देशित अधिकाऱ्याची सही आणि सांकेतिक क्रमांक असतो. दुकानदाराची सही अशी घेतात की तिचा काही भाग पट्टीवर आणि काही भाग खालच्या कागदावर यावा. पट्टी बदलली तर सही तुटते. शेवटी सुतळी आडवी-उभी बांधून लाखेची किमान चार सीलं: एक वर, एक खाली, दोन अंगावर. सुतळीच्या गाठीही लाखेखाली जायला हव्यात.

चारांपैकी एक भाग अन्न विश्लेषकाकडे, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे सुरक्षित. दुकानदाराने मागणी केली तर चौथा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे जातो. नमुना पुढच्याच कामाच्या दिवशी रवाना व्हावा लागतो.

आणि साक्षीदार. अधिकारी आजूबाजूला पंच शोधतो आणि मुंबईसारख्या गजबजलेल्या शहरात त्याला एक माणूस मिळत नाही. शेजारचा दुकानदार मान फिरवतो, गिऱ्हाईक पिशवी उचलून निघून जातं. मग कुणीतरी ओढून आणलेला, काय चाललंय हे न पाहिलेला माणूस सही करतो, आणि काही वर्षांनी कोर्टात 'मला आठवत नाही, साहेबांनी सही करायला सांगितली' म्हणतो. हे मला फार जिव्हारी लागतं, कारण हे दुसऱ्या कुणाचं काम नाही, आपलंच आहे. तक्रार करतानाच वस्तीतली दोन विश्वासू माणसं ठरवा, त्यांची तयारी असल्याचं अर्जात लिहा, अधिकाऱ्याला त्यांचे फोन क्रमांक द्या. तक्रारदाराने स्वतः पंच होऊ नये, तो आधीच दुकानदाराविरुद्ध आहे असं वकील म्हणतो. पंच झालेल्याने बाटल्या कोरड्या होत्या का, माल मिसळला का, सीलं समोर लागली का, हे डोळ्यांनी पाहावं, पंचनामा वाचून सही करावी आणि त्याच रात्री तारखेसह घरच्या वहीत सगळं लिहून ठेवावं.

अधिकारी नमुना न घेता चहा पिऊन परतला किंवा कुणी पैशाची भाषा केली, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे. मात्र अधिकाऱ्याविरुद्ध खोटी तक्रार केल्यास कलम ३९ खाली तक्रारदारालाच ५० हजार ते १ लाख रुपये दंड आहे, तेव्हा जे पाहिलं तेवढंच लिहा.

अहवाल आणि दुकानदाराचा अपील

विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. दोष निघाला की दुकानदाराला प्रत मिळते आणि तो ३० दिवसांत पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे अपील करू शकतो. मग जपून ठेवलेल्या भागांपैकी एक संदर्भ प्रयोगशाळेत जातो, जशी म्हैसूरची सीएफटीआरआय ही केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था. तिचा निष्कर्ष अंतिम.

प्रयोगशाळा कोणती, याला किती महत्त्व आहे हे मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट २०१५ च्या मॅगी निकालात दाखवून दिलं. देशभर गाजलेली बंदी न्यायालयाने रद्द केली, कारण चाचण्या केलेल्या प्रयोगशाळा कायद्याला हव्या तशा मान्यताप्राप्त नव्हत्या आणि कंपनीला बाजू मांडायची संधी दिली नव्हती. केंद्रीय नियामकाचा आदेश तिथे टिकला नाही, तर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचं प्रकरण चुकीच्या अहवालावर कसं टिकेल? म्हणून चौकशी करताना प्रयोगशाळेचं नाव आणि तिची एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता विचाराच.

मंजुरी आणि वर्षाची मुदत

अहवाल 'असुरक्षित' आला की पदनिर्देशित अधिकारी कागदपत्रं तपासून १४ दिवसांत खटल्याची शिफारस अन्न सुरक्षा आयुक्तांकडे पाठवतो. आयुक्त मंजुरी देतात आणि प्रकरण साध्या कोर्टात चालवायचं की विशेष न्यायालयात तेही ठरवतात. ३ वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा साध्या कोर्टात, त्याहून मोठा विशेष न्यायालयात. त्यानंतर अन्न सुरक्षा अधिकारी फिर्याद दाखल करतो.

कलम ७७ सांगतं की गुन्ह्यापासून १ वर्षानंतर कोर्ट दखल घेऊ शकत नाही. आयुक्तांनी लेखी कारण देऊन परवानगी दिली तरच ही मुदत ३ वर्षांपर्यंत वाढते. अहवाल, अपील, संदर्भ प्रयोगशाळा, टपाल, बदली झालेले अधिकारी, यात वर्ष कसं जातं कळतही नाही. इथे ग्राहकाने पाठपुरावा करायचा. नमुना काढल्यावर दोन महिन्यांनी माहिती अधिकाराचा पहिला अर्ज टाका. शुल्क १० रुपये, राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवरूनही चालतो, उत्तराला ३० दिवस. 'तपास चालू आहे' म्हणून नकार मिळू नये यासाठी कागदपत्रं मागण्यापेक्षा तारखा मागा: नमुना कोणत्या तारखेला काढला, प्रयोगशाळेत कधी पोचला, अहवाल कधी आला, शेरा काय, अपील झालं का, आयुक्तांकडे शिफारस कधी गेली, मंजुरी कधी मिळाली, फिर्याद कोणत्या कोर्टात कोणत्या क्रमांकाने दाखल झाली. सहा महिन्यांनी हाच अर्ज पुन्हा. तारीख लिहून द्यावी लागते तेव्हा फाइल उघडावीच लागते.

कमी दर्जाचं प्रकरण असेल तर न्यायनिर्णय अधिकाऱ्याने पहिल्या सुनावणीपासून ९० दिवसांत आदेश द्यायचा असतो. त्या आदेशाची प्रत मागून घ्या. तोच दुकानदार पुन्हा सापडला तर आधीचा आदेश फार मोलाचा ठरतो.

पोलिसांत गेलं तर

जाता येतं, आणि पहाटेच्या दूधभेसळीच्या खोल्यांवर पोलीस आणि एफडीएचे संयुक्त छापे पडतातही. पण नुसत्या पोलीस गुन्ह्यावर विसंबू नका. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये रामनाथ विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या खटल्यात सांगितलं, की जिथे अन्नसुरक्षा कायद्याचं कलम ५९ लागतं तिथे तेव्हा लागू असलेल्या भारतीय दंड संहितेची भेसळीची कलमं लागू करता येत नाहीत, कारण हा विशेष कायदा त्यांच्या वर आहे. पोलिसांनी मुद्देमाल उचलला पण एफडीएचा अधिकारी नव्हता, चार भाग झाले नाहीत, तर आरोपी निसटायला मोठी फट राहते. ११२ ला फोन केलात तर त्याच वेळी एफडीएलाही कळवा आणि अधिकारी येईपर्यंत माल हलू देऊ नका असं पोलिसांना सांगा.

खाऊन त्रास झाला असेल तर

खटल्यात दंड सरकारजमा होतो, तुमची भरपाई वेगळी मागावी लागते. कलम ६५ प्रमाणे असुरक्षित अन्नाने मृत्यू झाल्यास किमान ५ लाख, गंभीर इजेला ३ लाखांपर्यंत आणि इतर इजेला १ लाखापर्यंत भरपाईचा आदेश होऊ शकतो. त्यासाठी पहिल्या दिवसाचा केसपेपर लागतो. उलट्या-जुलाब झाल्यावर ओळखीच्या डॉक्टरकडून गोळ्या घेऊन घरी पडून राहू नका. केईएम, सायन, कूपर, जे जवळ असेल तिथे जा आणि काय खाल्लं, कुठून आणलं, किती तासांनी त्रास सुरू झाला, हे केसपेपरवर लिहून घ्या. उरलेला पदार्थ फेकू नका, झाकून फ्रीजमध्ये ठेवा आणि एफडीएला त्याच दिवशी कळवा.

ग्राहक आयोगात स्वतंत्र तक्रार करता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली तक्रारीला २ वर्षांची मुदत आहे, मालाची किंमत ५ लाखांच्या आत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. आयोग स्वतः नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतो आणि इथे त्या न फोडलेल्या दुसऱ्या पाकिटाचा उपयोग होतो. अर्ज लिहायला मदत हवी असेल तर १९६६ पासून काम करणारी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी आणि १९७५ पासूनची मुंबई ग्राहक पंचायत या दोन्ही संस्था मुंबईतच आहेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. त्यांच्याकडे जाताना बिल, पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो, एफडीएच्या अर्जाची पोच आणि केसपेपर हे चार कागद बरोबर न्या.